बहिरी बाजू

आधी एक लांब तार ताणली होती,
पाण्याच्या टाकीपासून मागच्या शेवग्यापर्यंत,
दोन्ही टोकांना फुटक्या कपांचे कान,
चिनी मातीतून वीज जात नाही म्हणून.
विट्यात कप फुटायला तोटा नाही.

त्या तारेनं सगळंच ओढून आणलं.
रत्नागिरी यायच्या आधी आली आमची गल्ली.
लूमच्या मोटारी भरड ज्वारी दळत होत्या,
मुल्लांचं वेल्डिंग पापड तळत होतं,
नवे पांढरे स्वस्त दिवे डासासारखे एका सुरात,
आणि डीपीवर कोणीतरी अंधारात
वाळलेल्या शेंगा फोडत बसलेलं.

चाळीस वर्षं जॉबर होतो लूमवर.
डाव्या कानानं कधीच राजीनामा दिलाय.
उजव्याला अजून एकेक आवाज नावानं ओळखतो.

खिशातला रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून
हिंडलो गल्लीभर,
पाणाड्या तळहातावर नारळ धरून हिंडतो तसा.
पोरं मागं. काय हरवलंय आजोबा?
शेंगा म्हणजे सैल जंपर निघाला;
दोन हेलपाटे आणि चार चहांत वायरमननं आवळला.
दिव्यांच्या वायरींना जुन्या टीव्हीतली
काळी कडी घातली, तीन वेढे देऊन.
मुल्ला म्हणाले, रात्री नवानंतर आम्ही बंदच असतो की.

उरली एक घरघर.
दहा मिनिटं जाड, दहा मिनिटं बारीक,
लूमच्या सुट्टीलासुद्धा.
तिचा माग काढत गेलो तो
अनुसया तारळेकरांच्या उंबऱ्याशी.
आत दगडूभाऊ, आठ महिने खाटेवर,
पाठीखाली हवेची गादी,
खाटेच्या पायाला लटकवलेला पंप.
पाठ चिघळू नये म्हणून.

काय झालं भाऊजी?
काही नाही, सहज.

मग चौकट केली.
मोडक्या लूमच्या दोन फळ्यांची फुली,
टोकांना जुन्या फणीचे तुकडे,
तिच्या दातांत एकेक वेढा बसवत गेलो,
जळलेल्या मोटारीतून सोडवलेली तांब्याची तार,
अठरा वेढे. मधे गँग कंडेन्सर,
त्याला बाटलीचं झाकण, फिरवायला.
अशा चौकटीचा एक गुण असतो:
कड जिकडं, तिकडचं तिला लख्ख ऐकू येतं,
आणि चपटं तोंड जिकडं, तिकडं ती ठार बहिरी.
मी तिचं तोंड तारळेकरांच्या भिंतीकडं केलं.
घरघर गेली.
समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी जाऊ नये,
रत्नागिरी स्वच्छ सांगत होती,
मला, ज्यानं समुद्र पाहिला नाही,
टँकरची वाट बघणाऱ्या गावात.

तरी भिंतीपलीकडून
थोडी घरघर झिरपायचीच तळाशी,
तांदळात एखादा खडा राहावा तशी.
सवय झाली.

परवा पहाटे खडा लागला नाही.

मी झाकण फिरवलं. चौकट फिरवली,
कड थेट त्यांच्या भिंतीवर धरली.
काहीच नाही. आमच्यात दिवा होता.
चप्पल एका पायात होती की दोन्ही, आठवत नाही.

दार नुसतं लोटलेलं. अनुसयावहिनी
खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेल्या, हातात पंखा.
गादी मऊ पडलेली.
दगडूभाऊ डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत,
बोलता येत नाही त्यांना.
किटकॅट ओढला. फ्यूज उडालेला.
खिशात तार असतेच.
पंप खोकला, मग लागला.
वहिनींना उठवलं नाही.
भाऊंनी एकदा पापणी मिटली,
किंवा मला तसं वाटलं.

घरी येऊन रेडिओ लावला.
आता झोपायच्या आधी
रत्नागिरी झाली, की चौकट नव्वद अंश फिरवतो,
बहिरी बाजू रस्त्याकडं,
आणि ऐकतो जरा वेळ:
दहा मिनिटं जाड,
दहा मिनिटं बारीक.